गुडघ्याचं निमित्त

तुम्ही तिच्या घरी जाऊन अजून नीट टेकलाही नसाल, तोवर स्वयंपाकघरातून फॉइल फाडल्याचा आवाज यायचा. खर्रकन. पाहुण्याला काय खायला घालायचं ते नंतर, जाताना काय बांधून द्यायचं त्याची तयारी आधी. लायब्ररीतल्या तिच्या टेबलाच्या खालच्या खणातही स्टेपलरशेजारी फॉइलची गुंडाळी असायची. पुस्तक परत करायला आलेला माणूस खोबऱ्याच्या गोड पावाचा तुकडा घेऊन परत जायचा. "रिकाम्या हाताने जायचं नाही, डार्लिंग," असं म्हणून ती पुढच्या माणसाकडे वळायची.

अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. माझ्या माहेरी नागपूरला शेजारपाजार अशाच बायकांनी भरलेला होता. पण न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरच्या पलीकडच्या आमच्या शिस्तीच्या गावात, जिथे शेजाऱ्याकडे जायचं तर आधी टेक्स्ट करावा लागतो, तिथे ती भेटली आणि मला माझ्याच गल्लीतलं कोणीतरी भेटल्यासारखं झालं.

सगळे तिला टँटी म्हणत. ती त्रिनिदादची. तिकडे मावशी, आत्या, काकू सगळ्यांना मिळून हा एकच शब्द पुरतो. लायब्ररीच्या काउंटरवर आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी. ती बोलायची इंग्रजीच, पण त्याला अशी लय होती, की ओव्हरड्यू पुस्तकाचा दंड सांगतानाही ती ओवी म्हणतेय असं वाटावं. इथे मी तिची वाक्यं मराठीत सांगतेय. लय तेवढी तुमची तुम्ही लावून घ्या.

आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष मोघेकाका यांनी एकदा तिला विचारलं होतं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" मूळ विचारल्याशिवाय मोघेकाकांना चहा जात नाही. सांगलीचे, औषधांच्या कंपनीतून रिटायर झालेले, आणि तेव्हापासून मंडळ हीच कंपनी समजून चालवणारे. टँटीने बोटं मोजत सांगितलं, "एका आजीचे आईवडील बोटीतून तुमच्या देशातून आले, दुसऱ्या आजीचे पूर्वज आफ्रिकेतून धरून आणले, एक आजोबा चिनी दुकानदार. चौथ्याबद्दल घरात कोणी बोलत नसे." मोघेकाकांनी यातली फक्त पहिली आजी ऐकली. "म्हणजे आपल्याच की हो!" असं जाहीर करून ते मोकळे झाले. त्या आजीला टँटी 'आजी'च म्हणायची, अगदी आपल्यासारखं. पहिल्यांदा तिच्या तोंडून तो शब्द ऐकला तेव्हा माझ्या हातातली पुस्तकं तशीच राहिली होती.

पण मोघेकाका आणि टँटीचं खरं नातं होतं स्टोअररूमचं. कम्युनिटी सेंटरच्या तळघरात एकच स्टोअररूम. त्यात एका बाजूला आमचं गणपतीचं मखर, सतरंज्या आणि ढोल, आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे पॅन. पॅन म्हणजे तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून ठोकून बनवलेलं वाद्य. बघायला भंगार, पण त्यातून जो सूर निघतो तो ऐकून आमच्या ढोलवाल्या पोरांनीही काठ्या खाली ठेवल्या होत्या. किल्ली एक आणि दावेदार दोन. "तुमच्या पिंपांनी आमच्या मखराचा कोपरा मोडला," हे काका दर वर्षी म्हणायचे. "तुमच्या देवाला माझ्या पिंपांचा शेजार आवडतो, मी त्याला विचारलं," हे ती दर वर्षी म्हणायची. मग फॉइलमध्ये दालपुरी बांधून द्यायची. आत डाळीचं तिखट सारण भरलेली ती पोळी काका गाडीतच संपवायचे, घरी काकूंना कळू नये म्हणून.

जूनमध्ये तिचा दिवस असायचा. कॅरिबियन डे. पार्कच्या हिरवळीवर मांडव, एका कडेला भाताच्या मोठाल्या कढया आणि मधोमध पॅन. ट्रेंटनहून, फिलाडेल्फियाहून बेटाबेटांची माणसं यायची, आणि आमचेही लोक पोराबाळांसकट जायचे. एका वर्षी असं वादळ आलं की मांडव तळ्यात जाऊन पडला. टाऊनशिपचा, म्हणजे गावच्या नगरपालिकेचा, माणूस म्हणाला, कार्यक्रम रद्द करा. टँटी म्हणाली, "पाऊस आमच्या बेटावरून आलाय, त्याला निमंत्रण होतं." सगळे पार्किंगमध्ये गाड्यांच्या उघड्या डिकीखाली उभे राहून जेवले. तिच्या आयुष्यात रद्द हा शब्द नव्हताच. मुळात ती तो उच्चारायचीही नाही. लायब्ररीचा एखादा कार्यक्रम रद्द झाला की त्याची पाटी मला लिहायला लावायची.

पॅन वाजवायचा कॅप्टन. पॅनच्या ताफ्याचा म्होरक्या म्हणून कॅप्टन, बोटीबिटीशी संबंध नाही. ग्रेनाडा बेटाचा, साठीचा, काटक. पोटासाठी घरं रंगवायचा. आमचंही घर त्यानेच रंगवलं. रंगवताना शिडीवर उभा राहून गुणगुणायचा आणि खाली आला की एक अक्षर बोलायचा नाही. मानी माणूस. पाणी दिलं तर "माझ्याकडे आहे" म्हणणारा. टँटी त्याला सगळ्यांदेखत रागावायची आणि त्याच्या थाळीत सगळ्यांपेक्षा जास्त वाढायची. त्यांचं आपसात काही होतं का, असं मला आमच्या मंडळातल्या बायकांनी खूपदा विचारलं. मी म्हणायचे, थाळी बघा आणि ठरवा.

मग तो वाईट वसंत आला, व्हिसा-कागद नसलेल्यांच्या धरपकडीचा. काय काय चाललं होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. सकाळी फोन उघडला की कुठल्यातरी पार्किंग लॉटमधले तोंडं झाकलेले लोक, पाटी नसलेल्या गाड्या, आणि मधे कोणीतरी खांद्याला धरलेलं. आमच्यातले सिटिझन झालेले लोकसुद्धा पासपोर्टची कॉपी गाडीत ठेवायला लागले. माझी मुलगी सई, जी इथेच जन्मली, ती मला म्हणाली, "आई, just carry it, okay?" मी ठेवली. ठेवताना लाज वाटली आणि नाही ठेवली तर भीती वाटली असती. त्या महिन्यांत सगळेच दमलेले होते. काउंटरवर लोक पुस्तकं कमी न्यायचे आणि सुस्कारे जास्त टाकायचे. कुठे जत्रा रद्द, कुठे मिरवणूक रद्द, अशा बातम्या यायच्या, आणि वाचून काही वाटेनासं झालं होतं, याचाच शीण जास्त होता.

अशातच एका सोमवारी टँटी काठी टेकत लायब्ररीत आली. नवी कोरी, औषधाच्या दुकानातली ॲल्युमिनियमची काठी. "गुडघा गेला," ती म्हणाली. "यंदा कॅरिबियन डे नाही."

काउंटरपाशी उभे होते ते सगळे हळहळले. मीही हळहळले. दुपारपर्यंत.

दुपारी मुलांच्या कोपऱ्यात एक लहानगी खुर्चीवर चढून कपाटाच्या वरच्या फळीला लोंबकळली, आणि तिची आई फोनवर होती. टँटी काउंटरमागून जी सुटली ती थेट पोरीला झेलून उभी. काठी इकडे माझ्या खुर्चीला टेकलेली. परत आली तेव्हा तिने काठी उचलली, ती डाव्या हातात. सकाळी उजव्या हातात होती. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिने पाहिलं.

जेवायच्या सुट्टीत मी विचारलं, "टँटी, नक्की कुठला गुडघा?"

तिने डब्याचं झाकण लावलं.  मग म्हणाली, "दार लाव, डार्लिंग."

दार लावून बसले. तिने खणातून फॉइल काढलं, उगाच एक तुकडा फाडला आणि त्याच्या घड्या घालत बोलायला लागली. "कॅप्टनची आई वारली तेव्हा तो गेला नाही. भावाच्या मातीला गेला नाही. धाकट्या बहिणीचं लग्न त्याने फोनवर पाहिलं. का ते तुला कळतंय ना?"

मला कळलं. हे कळण्यासाठी आमच्या लोकांना शब्दकोश लागत नाही. माझे बाबा गेले तेव्हा आमचं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं. वकील म्हणाला, गेलात तर परत यायची खात्री देत नाही. सई तेव्हा पाळण्यात होती. मी इथे किचनमध्ये उभी राहून फोनच्या स्क्रीनवर बाबांना नेताना पाहिलं, आणि गॅसवर भात लागला तरी मला कळलं नाही. पण माझ्याकडे निदान रांगेतला नंबर होता. कॅप्टन रांगेतच नव्हता. तरुणपणी आला, मुदत संपली, राहिला. निम्म्याहून जास्त आयुष्य त्याने या देशाच्या भिंती रंगवल्या आणि देशाबाहेर पाऊल टाकलं नाही, कारण ते पाऊल परत आत पडलं नसतं.

"पत्रक लागतं गावभर," टँटी म्हणाली. "वेळ, जागा, सगळं छापलेलं. मधोमध पॅन आणि पॅनमागे तो. कोणाला शोधायला फिरावंही लागणार नाही."

"मग त्याला सांगा ना, यंदा घरी बस."

"त्याला? तो पॅन घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहील. म्हणेल, मी कोणाला भीत नाही. आणि तो खरंच भीत नाही गं. मी भिते." घडी घातलेलं फॉइल तिने टेबलावर ठेवलं. "आणि भीतीपायी रद्द असं बाहेर लिहिलं, तर लोक विचारतील, भीती कोणासाठी? बोट कोणाकडे जाईल? त्यापेक्षा माझ्या गुडघ्याकडे गेलं तर माझं काय जातं?"

त्या दिवशी रद्द झाल्याची पाटी तिने माझ्याकडून लिहून घेतली नाही. स्वतः लिहिली. अक्षर नेहमीसारखं गोल होतं, शेवटी एक फूलही काढलेलं.

इथवर ठीक होतं. पण तिने एका गोष्टीचा हिशेब धरला नव्हता, तो म्हणजे आम्ही. मराठी माणूस एकवेळ स्वतःच्या कार्यक्रमाला उशिरा येईल, पण दुसऱ्याचा कार्यक्रम बुडतोय म्हटलं की कमरेला पदर खोचून धावेल. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बातमी पडली आणि तासाभरात स्वयंसेवक तयार झाले. दुसऱ्या दिवशी मोघेकाका लायब्ररीत हजर. एका हातात गुडघ्याला चोळायचं तेल आणि दुसऱ्या हातात नवं पत्रक, आधीच्यापेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरातलं.

"मॅडम, तुम्ही फक्त खुर्चीवर बसायचं," ते टँटीला म्हणाले. "बाकी सगळं आम्ही करतो. आमच्या मुलींचं लेझीम ठेवलंय. पोह्यांचा स्टॉल ठेवलाय. आणि मुख्य म्हणजे," इथे त्यांनी आवाज खाली आणला, एखादी खास भेट द्यावी तसा, "मी पोलिसांशी बोललोय. ट्रॅफिकसाठी गाडी पाठवतो म्हणाले. गणपतीला येतात ना आपल्याकडे, तसंच. ऑफिसरला शाल-नारळ देऊ, फोटो काढू, पेपरात पाठवू."

टँटीने माझ्याकडे पाहिलं. आमच्या मंडळाच्या लेखी पोलिसाबरोबर फोटो म्हणजे कार्यक्रमाची शान. काकांचा काय दोष? ज्याच्या खिशात कागद आहे त्याला पोलीस हा पाहुणाच वाटतो.

"नको," ती म्हणाली.

"अहो, त्रास कसला? आनंद आहे आम्हाला."

"नको म्हणजे नको. माझा दिवस आहे तो. मी उभी राहू शकत नसेन तर तो होणार नाही."

"पण लोकांचा हिरमोड—"

"होऊ दे. माझ्याशिवाय हा दिवस कोणी करायचा नाही. मी नाही तर काही नाही." हे सगळं ती काउंटरवर, चारचौघांत, मोठ्याने म्हणाली. जिने दुसऱ्याला घास दिल्याशिवाय स्वतः कधी खाल्लं नाही, ती बाई. पुस्तकं घ्यायला आलेले लोक खाली बघू लागले.

मोघेकाकांचा चेहरा उतरला. तेलाची बाटली त्यांनी काउंटरवर ठेवली, पत्रकाची घडी घातली आणि बाहेर पडता पडता मला मराठीत म्हणाले, "मंजिरी, बाई फार अहंकारी निघाली गं. आपण आपलं समजून गेलो." ते ग्रुपवरही गेलं. तिच्या स्वतःच्या लोकांतही गेलं. 'स्वतःला राणी समजते' असं ट्रेंटनच्या एका बाईने मला फोनवर ऐकवलं. मी ऐकून घेतलं. टँटीला मी शब्द दिला होता, आणि खरं सांगायची माझीही हिंमत नव्हती. त्या दिवसांत कोण कोणाला काय सांगेल आणि ते कुठे जाईल, याचा नेम नव्हता.

गुडघ्यावर सगळ्यात पक्का विश्वास बसला तो कॅप्टनचा. तो दर रविवारी तिच्याकडे जायला लागला, ग्रेनाडाचं जायफळाचं तेल घेऊन. "चोळून देतो आणि बोलत नाही," ती मला सांगायची. "तास तास बसतो. डार्लिंग, मला दोन्ही पाय बदलून बदलून पुढे करावे लागतात, कारण मागच्या रविवारी कुठला दिला होता तेच आठवत नाही." हे सांगताना ती हसायची. पण हसून झाल्यावर कपाळाला हात लावून बसायची.

कॅरिबियन डे ठरलेला होता त्या शनिवारी सकाळी मला तिचा फोन. "गाडी आण. मोठी."

गेले तर स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. फॉइलच्या पुड्याच पुड्या. भात, दालपुरी, मसाल्याचे छोले, खोबऱ्याचा पाव. ती रात्रभर जागलेली दिसत होती. "मी सगळ्यांना फोन केले," ती म्हणाली. "तरी कोणाला तरी निरोप पोचला नसेल. लांबून येतील बिचारे. रिकाम्या हाताने परत कसं पाठवायचं?"

पार्कच्या फाटकापाशी आम्ही उभ्या राहिलो. आणि खरंच गाड्या आल्या. निरोप न पोचलेल्या आल्या, आणि निरोप पोचलेल्याही आल्या. आपला दिवस आहे, नुसतं जाऊन बघू, म्हणून. टँटी एकेका खिडकीशी जायची. पुडा आत, गालाला हात, आणि "थांबू नकोस, डार्लिंग, उतरू नकोस, घरी जाऊन खा." रागावलेले लोकही खिडकी खाली करत होते. खाणं हातात पडल्यावर कोणाला भांडता येतं? थोड्याच वेळात काठी गवतात पडली आणि ती या गाडीकडून त्या गाडीकडे पळायला लागली. तिच्या दिवसाचा हाच एक भाग उरला होता, निरोपाचा.

मग कॅप्टनची व्हॅन आली. टँटी कशीबशी काठीच्या दिशेने सरकली, पण तो उतरलाही होता. हातात माशाच्या सूपचा डबा. तो डबा त्याने बॉनेटवर ठेवला, मागे गेला, आणि दार उघडून एक पॅन बाहेर काढला. त्याचा स्वतःचा.

"एकच वाजवतो," तो म्हणाला. "तुझ्या गुडघ्यासाठी."

"आत ठेव," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

तेवढ्यात पलीकडून मोघेकाका धापा टाकत आले. मंडळाचं पार्किंगवाल्यांचं केशरी जॅकेट अंगात. "मंजिरी, अगं घोळ झाला. त्या पोलिसांना कॅन्सल करायचंच राहिलं माझ्याकडून—" आणि बोलता बोलता त्यांनी पाहिलं. गवतात पडलेली काठी पाहिली. तिच्यापासून चांगली लांब, दोन्ही पायांवर ताठ उभी असलेली टँटी पाहिली. पॅन धरून उभा असलेला कॅप्टन पाहिला. आणि वळणावर आलेली पोलिसाची गाडी पाहिली.

ती गाडी आमच्यासमोर थांबली. उतरला तो तरुण पोलीस आमच्या गावातलाच, हसऱ्या चेहऱ्याचा. त्याचा काही दोष नव्हता, तो कोणाला न्यायला आला नव्हता. पण मी उगाचच हातातले पुडे मोजायला लागले. टँटी पुतळ्यासारखी उभी होती, हातात पुडा. पोलिसाने इकडेतिकडे पाहिलं. "कार्यक्रम कुठे आहे?" त्याने विचारलं. मग पॅनकडे पाहून म्हणाला, "वाजवणारे तुम्हीच का?"

 आणि मग आमचे मोघेकाका, आयुष्यभर नको तिथे बोलणारे मोघेकाका, गवतात वाकले. काठी उचलली. चालत जाऊन टँटीच्या हातात दिली, तिचा दंड धरला आणि तिला चक्क रागावले, "किती वेळा सांगायचं मॅडम, काठीशिवाय उभ्या राहू नका म्हणून? डॉक्टरांनी काय सांगितलंय?" मग पोलिसाकडे वळून म्हणाले, "कार्यक्रम रद्द झाला, ऑफिसर. यांचा गुडघा. चूक माझी, मी कळवायला हवं होतं. हे आमचे मित्र सामान परत न्यायला आलेत. आम्ही आवरतोच आहोत."

टँटीने काठीवर भार टाकला. मग जणू नुकतीच जागी झाली अशी हातातला पुडा पुढे करून म्हणाली, "रिकाम्या हाताने जायचं नाही, डार्लिंग." पोलिसाने पुडा घेतला, गुडघ्याची काळजी घ्यायला सांगितलं आणि गेला.

कॅप्टन मात्र तिच्यावरच उखडला. "काठीशिवाय उभी होतीस? वेडी आहेस का?" पॅन त्याने मुकाट्याने व्हॅनमध्ये ठेवला, का तर आता तिला घरी सोडायचं होतं. ती लंगडत त्याच्या व्हॅनकडे निघाली. घाबरलेल्या माणसाला कुठल्या पायाने लंगडायचं ते कुठून आठवणार? ती कधी या पायाने लंगडत होती, कधी त्या. कॅप्टन मागून चालत होता. त्याला ते दिसलं नसेल असं मला अजूनही वाटत नाही. पण तो बोलला नाही.

ते दोघं गेल्यावर मोघेकाका माझ्याजवळ आले. मग म्हणाले, "मला आधी सांगायचं नाहीस का गं?"

"काय सांगणार होते, काका?"

 उरलेले पुडे माझ्या हातात होते, आणि काका संध्याकाळपर्यंत रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या गाड्यांना हात करत होते, "चला, चला, घ्या आणि निघा." आमच्या गणपतीलाही त्यांनी इतक्या निगुतीने ट्रॅफिक सांभाळला नव्हता. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा एकच मेसेज आला, की कॅरिबियन डेच्या बाईंबद्दल इथे कोणी काही लिहू नये.

टँटीने नाटक सोडलं नाही. सोडणार कसं? गुडघा बरा झाला तर कॅप्टन पुढच्या जूनचं विचारणार. पानं गळली, बर्फ पडलं, आणि ती काठी टेकत येत राहिली. फॉइल फाडायचा आवाज मात्र हळूहळू कमी झाला. विचारलं तर म्हणायची, "दमले, डार्लिंग. खोटं बोलायला खरं बोलण्यापेक्षा जास्त ताकद लागते." मी एकदा म्हटलं, निदान आपण दोघीच असताना तरी काठी ठेवा बाजूला. ती म्हणाली, "सवय मोडेल." मी हसले होते.

पुढच्या वसंतात तिची मुलगी येऊन तिला अटलांटाला घेऊन गेली. एकटीने राहण्याचं वय नाही आता, असं मुलीचं म्हणणं. शेवटच्या दिवशी टँटीने सगळ्या लायब्ररीला पुडे बांधून दिले, आणि फॉइलची उरलेली गुंडाळी माझ्या खणात ठेवली. पॅन स्टोअररूममध्येच राहिले. यंदाच्या जूनमध्ये कॅरिबियन डे झाला नाही, आणि रद्द अशी पाटीही कोणी लावली नाही. करणारंच कोणी नव्हतं. कॅप्टन अजून घरं रंगवतो. परवा रस्त्यात दिसला, शिडीवर होता, पण गुणगुणत नव्हता.

गणपती जवळ आले म्हणून मागच्या आठवड्यात मी आणि मोघेकाका मखर काढायला स्टोअररूममध्ये गेलो. पॅनना टेकवून तिची काठी उभी होती. जाताना तिथे ठेवून गेली असावी, मुलीसमोर नको म्हणून किंवा नवी मिळाली म्हणून, कोण जाणे. मी म्हटलं, "काका, ही आता कशाला? टाकून देऊ या का?"

काकांनी काठी हातात घेतली, उलटी केली आणि खालचं रबर ट्यूबलाइटखाली धरलं. माझ्यासमोर कोरी करकरीत आलेली काठी. रबर एका बाजूने पार झिजून आतला धातू दिसायला लागला होता. एकाच बाजूने, म्हणजे रोज त्याच हाताने, त्याच पायासाठी टेकलेली.

"मंजिरी," काका म्हणाले, "नाटकाला एवढं झिजतं का गं?"

मला वाटत होतं, तिचं खरं काय ते माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. मी तिथेच एका सतरंजीवर बसले. काकांनी काठी परत होती तशी पॅनना टेकवून ठेवली, आणि पडू नये म्हणून मखराची एक फळी तिला लावून दिली.